पाचवी डिस्क

१

बुधवारी सकाळी स्नेहलनं काळ्या डब्याचा सुटलेला पिन भिंतीत खोचला. डबा घुरघुरला, पडदा उजळला आणि तिच्या अकरा वर्षांच्या नक्षीच्या जागी एकच शब्द आला : ‘रिकामे’.

तिनं पदरानं पडदा पुसून बघितला. शब्द तसाच राहिला, फक्त जास्त स्वच्छ दिसायला लागला.

डबा म्हणजे घरातला सर्व्हर. त्याला सर्व्हर म्हणणारी दोनच माणसं होती, बाकी घर डबाच म्हणे. घर पैंजणवाल्यांचं. गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, ‘गणपतराव अँड सन्स’ हे दुकान आणि हुपरीत घराघरांतून चालणारं काम. गणपतराव बऱ्याच वर्षांपूर्वी दुकानातल्या फोटोत गेले. धाकटे चिरंजीव धैर्यशील तीन वर्षांमागं त्यांच्या शेजारच्या फोटोत गेले. उरले थोरले विजयसिंह आणि धैर्यशीलची बायको स्नेहल. दोघं एका छपराखाली राहत आणि एकमेकांशी भिंतीमार्फत बोलत.

येत्या शुक्रवारी वाटणी होती. दुकान, गिऱ्हाईक आणि आजवर पाडलेले सगळे साचे विजयसिंहांना. नक्षीची सगळी चित्रं स्नेहलला, कारण ती तिनंच काढलेली. ती चित्रं घेऊन ती हुपरीला स्वतःचं काम मांडणार होती. चित्रं नसतील तर तिच्या वाट्याला येणारी वस्तू म्हणजे हा डबा, आणि तो तर घुरघुरत होता.

तिनं पुण्याला फोन लावला. राजवीर हा तिच्या मुरगूडच्या माहेरचा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि डबा त्यानंच बसवलेला.

“आत्या, रडू नको. पडद्यावर ‘पूल’ लिहिलंय, त्याच्याखाली किती डिस्क दिसत्यात?”

“पाच.”

पलीकडं खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

“चार पाहिजेत,” राजवीर म्हणाला. “आधी पिन काढ. आत्ता. मी निघालोच. आणि तोवर त्या खोलीत कुणालाबी सोडू नको, देव आला तरी.”

“का रं?”

“पाचवी आपली बॅकअप होती.”

२

स्नेहलनं खोलीला कुलूप लावलं. ते बघून विजयसिंहांनी त्याच कडीला आपलं दुसरं कुलूप लावलं. आता कुणाच्याच एका किल्लीनं दार उघडणार नव्हतं. त्या घरात बऱ्याच वर्षांनी दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

पोलीस चौकीत जाऊन झालं. काय चोरीला गेलं, हवालदारानं विचारलं. नक्षी, स्नेहल म्हणाली. पैंजणं गेली काय? न्हाई, पैंजणं हायेत. मग नक्षी पैंजणावरच असंल की, घरी जाऊन नीट बघा, असा सल्ला मिळाला.

शेवटी ताजबीला बोलवायचं ठरलं.

ताजबी समोरच्या घरात राहायची. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून उभी हयात गेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात अर्ध्या जिल्ह्याची भांडणं, सोयरिकी आणि खोटी आजारपणं तिच्या कानांवरून गेलेली. निवृत्त झाल्यावर गल्लीत काही हरवलं, कुणी पळून गेलं की तिला विचारायची पद्धत पडली होती. तपास ती असा करतच नसे. ऐकत बसे. शिवाय ती निःपक्षपाती होती. विजयसिंहांची बुलेट आणि स्नेहलची स्कूटर, दोन्ही तिच्याच दारात लागत, आणि ती दोघांचा सारखाच राग करी.

“मला ह्या डब्यातलं काय बी कळत न्हाई,” ती सोफ्यावर टेकत म्हणाली. “आधी कुणीतरी सांगा. दूधवाल्या बाईला कळंल असं सांगा.”

दुपारी पोचलेल्या राजवीरनं सांगितलं. “मावशी, डेअरीची टाकी धरा. चार कॅनचं दूध एका टाकीत ओतायचं. मग कुठलं दूध कुणाचं ते विचारायचं न्हाई, सगळी मिळून एक टाकी. तसं चार डिस्कांचं मिळून एक पूल. एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या तीन भागवून नेतात.”

“आणि पाचवी?”

“ती टाकीत न्हाई. बाजूला ठेवलेला कॅन. टाकी नासली तर असावा म्हणून. ती बॅकअप. तिला मी लाल चिकटपट्टी लावली होती. आता झालं काय, रविवारी जुन्या डिस्का काढून मोठ्या नव्या घातल्या. त्यासाठी सगळी नक्षी त्या लाल डिस्कवर काढली आणि नवी टाकी केली. रिकामी. नव्या डिस्कांची तपासणी दोन-तीन दिवस चालती. ती संपली की नक्षी आपोआप टाकीत ओतली जाणार होती. तसं मी लावून गेलतो.”

“म्हणजे ह्या दोन-तीन दिवसांत नक्षी फकस्त त्या एका लाल डिस्कवर?”

राजवीरनं मान खाली घातली. “व्हय. पडद्यावर दिसायची ती बी तिच्यावरचीच. ओतून झाली की लाल डिस्कचं काम संपलं. मग ती बी टाकीला जोडायची आणि नवी बॅकअप आणायची. पण टाकीला जोडायचा कॅन आधी विसळावा लागतो.”

“आणि कुणीतरी भरलेला कॅन विसळला.”

“नुसतं एक बटण हाय. ‘पूल वाढवा’. बायकांना कळावं म्हणून पडद्यावर सगळं मराठीत केलंय मी. वाढवा दाबायचं, ‘डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल, चालेल का’ असं येतं, हो म्हणायचं. संपलं.”

“हे पुण्यात बसून दाबता येतं?”

“न्हाई. आत्यानं डब्याला इंटरनेट जोडू दिलं न्हाई, नक्षी चोरीला जाती म्हणून.”

“म्हणजे दाबणारा घरातला,” ताजबी म्हणाली. “पासवर्ड कुणाला म्हाईत?”

राजवीरनं उत्तर द्यायच्या आधी आतल्या दाराआड काहीतरी पडलं. पितळी तांब्या असावा. कुणीतरी इतका वेळ तिथं उभं होतं.

३

ताजबी संध्याकाळी गुजरीत गेली.

विजयसिंह गादीवर होते. पांढरा शर्ट, मनगटात चांदीचं कडं आणि चेहऱ्यावर सतत कुणाचं तरी चुकत असल्याचा भाव. समोर एक बाई रुमालात पैंजण घेऊन आली होती.

“पोरीचं पैंजण वाढलंय हो,” ती म्हणाली.

“तुटलंय म्हणा की, मावशी,” विजयसिंह म्हणाले. “वाढलं असतं तर मीच तुम्हाला जास्तीचं वजन लावलं असतं.”

बाईचा चेहरा पडला. त्यांनी पैंजण तागडीशेजारी टाकलं आणि ताजबीकडं वळले.

“मावशी, तुम्ही उगाच पाय झिजवताय. हे त्या मुरगूडच्या पोराचं काम. पैसे घेऊन नक्षी दुसऱ्याला विकली असंल आणि आता रिकामा डबा दाखवतोय. न्हाईतर तिचंच. शुक्रवारी माझ्याकडनं जास्त उकळायला.”

“तिचं कसं? तिचीच नक्षी गेली की.”

“कुठं गेली? साचे माझ्याकडं हायेत. दुकान बिनधास्त चालंल. राहू दे तिला घरात, नवी काढू दे चित्रं, आम्ही काय हाकलतोय?” ते हे मोठ्या मनानं म्हणाले. “आणि मंगळवारी रात्रीपर्यंत डबा झकास होता. मी स्वतः बघितलाय. माझ्या जेवायच्या जागेवरनं त्याचा निळा दिवा बरोबर डोळ्यांत जातो. जेवून हात धुईपर्यंत जळत होता. म्हणजे जे झालं ते मी झोपल्यावर. लिहून घ्या.”

“मी लिहीत न्हाई,” ताजबी म्हणाली. “ऐकते.”

शेजारची दुकानं आवरायला लागली होती. दुकानातला जुना माणूस गुंडू दारात येऊन अदबीनं उभा राहिला.

“वाढवू काय, मालक?”

“बंद करू काय म्हण,” विजयसिंह म्हणाले. “किती वर्षं सांगतोय. बंदला बंद म्हणायला काय जीभ झडती? बंद म्हटल्यानं दुकानं बंद पडली असती तर समोरच्याचं मी कधीच पाडलं असतं.”

गुंडूनं फोटोतल्या गणपतरावांकडं बघून मनातल्या मनात माफी मागितली आणि शटर ओढलं.

ताजबी उठली. पायरीवर थांबून तिनं विचारलं, “विजयसिंह, तुला येतं का रं तो डबा चालवायला?”

“मला?” ते हसले. “मला त्याचा पिन बी काढता येत न्हाई.”

“पिनाचं मी कुठं विचारलं,” ताजबी म्हणाली, पण ते स्वतःशी. त्याच दिवशी पिन हा शब्द तिला अजून एकदा भेटणार होता, आणि तोही न विचारता.

४

अंबूबाई देवघरापुढं वाती वळत बसल्या होत्या. विजयसिंहांच्या आई. धाकटा गेल्यापासून त्या सुनेशी बोलत नसत, फक्त तिच्या ऐकण्यात बोलत.

“ये, ताजबी. बस. बघ कसं घर झालंय. देवाशेजारी भुतासारखा डबा आणून ठेवलाय, रात्रंदिस घुरघुर. लाईटचं बिल कोण भरतंय? माझं लेकरू.”

“डबा कुणी ठेवला तिथं, आक्का?”

“आणि कोण ठेवणार?” त्यांनी मोठ्यानं, स्वयंपाकघराच्या दिशेनं सांगितलं. “ज्यांना जायचंय त्यांनी जावं. डबा घेऊन जावं. आमी काय धरून ठेवलंय?”

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. तेही उत्तरच होतं.

“मंगळवारी संध्याकाळी तुमी इथंच होता?”

“मी कुठं जाणार? हितंच. दिवा लावला, जप केला, जेवलो, दिवा शांत केला, झोपलो.” मग वाती खाली ठेवून त्या एकदम म्हणाल्या, “त्या पिनाचं मला काय इचारू नको.”

“मी विचारलंच न्हाई.”

“मग नको इचारू,” अंबूबाई म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या. माळेचा वेग बघून देवालाही जरा धाप लागली असावी.

ताजबी स्वयंपाकघरात गेली. स्नेहल तव्यापुढं उभी होती. भाकरी करपत होती आणि ती तिच्याकडंच बघत होती.

“मावशी, तुम्हाला बी वाटतंय मीच केलं?”

“मला अजून काय वाटत न्हाई. रविवारचं सांग. राजवीर जेवायला होता तेव्हाचं.”

“सगळेच होतो. राजवीर सांगत होता, आधी ओतायचं, मग डिस्क जोडून पूल वाढवायचा. कुणी ऐकत नव्हतं. भाऊजी एरवी माझ्या माणसांकडं बघत सुद्धा न्हाईत, पण त्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘आणि उलटं केलं तर?’ मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान विचारलं तरी. राजवीर म्हणाला, उलटं केलं तर सगळं गेलं.”

“मोना होती तेव्हा?”

“मोना आत माझ्या जागी भाकरी थापत होती.” स्नेहलचा आवाज बदलला. “तिला यात ओढू नका. ह्या घरात मला माणूस म्हणून हाक मारणारी तेवढी एकच पोरगी हाय.”

मोना विजयसिंहांची मुलगी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. काकूकडं बसून ती चित्रं काढायला शिकली होती.

“स्नेहल,” ताजबी म्हणाली, “डब्याचा पासवर्ड कुणाला म्हाईत हाय?”

स्नेहलनं तवा उतरवला. गॅस बंद केला. “मला, राजवीरला,” ती म्हणाली, आणि तिसरं नाव न घेता मोनाचं ताट काढायला लागली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मोना गच्चीवर होती. वाळत घातलेल्या चादरींच्या मागं, म्हणजे कुणी शोधलं तर लगेच सापडेल अशी लपलेली. काल दुपारी दाराआडचा तांब्या हिच्याच हातून पडलेला.

“मी काय केलो न्हाय,” ती आधीच म्हणाली.

“केलं असंच म्हणत न्हाई मी. सांगितलं कुणी, एवढंच विचारते.”

मोना रडली नाही. रडून झालं होतं.

“पप्पा म्हणाले, तू गप बस, मी निस्तरतो. पोलिसांनी विचारलं तर राजवीरदादाचं नाव घेतो म्हणाले.”

“ते त्यांनी घेतलंच. मंगळवारी काय झालं?”

“दुकानातनं फोन आला. मी हॉलमध्ये हुतो, आज्जीला ऐकू यावं म्हणून स्पीकरवरच असतोय फोन. पप्पा म्हणाले, ‘मोने, तो डबा वाढव.’ एवढंच. मला वाटलं, राजवीरदादानं दुकानात निरोप दिला. तो रविवारी निघताना पप्पांसमोर म्हणालाच हुता, नक्षी आपोआप ओतली जाईल, मग तू ‘पूल वाढवा’ दाब, पुसलं जाईल का असं विचारंल, घाबरू नको, हो म्हण. काकूनं दिलेला पासवर्ड घातलो आणि हो म्हटलो.” ती थांबली. “ओतून झाली का ते बघितलोच न्हाय, मावशी. काकूची सगळी नक्षी मी पुसलो. माझ्या हातानं.”

“डबा वाढव. हेच शब्द?”

“हेच.”

ताजबीनं वाळलेली एक चादर ओढून घडी घातली. ट्रंक कॉलवर तिनं लाखभर माणसं ऐकली होती. माणूस खोटं बोलताना आवाज बदलतो असं लोक समजतात. आवाज बदलत नाही. शब्द बदलतो. जो रोज ‘म्हातारी’ म्हणतो तो त्या दिवशी ‘मातोश्री’ म्हणतो.

“खाली चल,” ती म्हणाली. “सगळ्यांना बसव. तुझ्या पप्पांना बी.”

६

सगळे हॉलमध्ये बसले. स्नेहल आणि राजवीर एका बाजूला, विजयसिंह दुसऱ्या बाजूला, अंबूबाई मध्ये देवघराच्या उंबऱ्याशी. मोना कुणाच्याच बाजूला नव्हती. ती दाराला टेकून उभी होती.

“बटण मोनानं दाबलं,” ताजबीनं सुरुवात केली.

स्नेहलनं मोनाकडं बघितलं. त्या नजरेपेक्षा थप्पड सोसली असती, असं मोनाच्या चेहऱ्यावर दिसलं.

“दुकानातनं तिला निरोप आला, डबा वाढव. पोरगी इंग्रजी शाळेतली. तिला वाढव म्हणजे मोठं कर एवढंच म्हाईत. पडद्यावर बटण बी त्याच नावाचं. तिनं दाबलं.”

विजयसिंहांनी आधी मुलीकडं रागानं बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला, लोडशेडिंग संपल्यावर गल्लीत पडतो तसा.

“अगं मोने,” ते म्हणाले. “मी बंद करायला सांगितलं की! दुकान वाढवतो, पैंजण वाढतं, तसं. रात्रभर कशाला चालू ठेवायचा, बिल येतंय म्हणून. आईला विचार, वाढव म्हणजे काय ते. आई, सांग.”

“वाढव म्हंजे बंद कर,” अंबूबाई म्हणाल्या. “सोन्यानाण्याच्या घरात बंद, तुटलं असलं बोलू नये. सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलंय.”

“बघा,” विजयसिंह हात पसरून म्हणाले. “शब्दाचा घोटाळा. पोरीची चूक झाली, माझ्याकडनं माफ. स्नेहल, तू बी मन मोठं कर. लहान आहे ती. आणि तू हितंच राहा. नवी चित्रं काढ, आपण दोघं मिळून बघू.”

राजवीर मान हलवायला लागला. स्नेहलनं डोळे मिटले. खरंच, एवढंच तर होतं. कुणाशी भांडायचं, शब्दाशी?

“झालं?” ताजबीनं विचारलं. “आता माझं ऐक. काल तुझ्या दुकानात बसले तर एक बाई म्हणाली पैंजण वाढलंय. तू तिला तुटलंय म्हणायला लावलंस. गुंडू म्हणाला वाढवू काय, त्याला बंद म्हणायला लावलंस. किती वर्षं सांगतोयस त्याला, तूच म्हणालास. आक्का, हा कधी वाढव म्हणतो का?”

“कधी न्हाई,” अंबूबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्न कुठं चालला आहे ते कळलं नव्हतं, आणि तक्रारीची संधी त्या सोडत नसत. “तोंड वर करून दिवा इझव म्हणतोय. बापानं सांगून सांगून जीव टाकला.”

“जलमभर बंद म्हणणारा माणूस मंगळवारी एकदाच वाढव म्हणाला. नेमका त्या पोरीला, जिला वाढव म्हणजे दुसरंच कळतंय.”

“सहज तोंडात आलं असंल,” विजयसिंह म्हणाले. हात अजून पसरलेलेच होते, पण आता त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

“असंल की. मग घरी आलास. डबा बंद करायला सांगितला होतास, बिल येतंय म्हणून. जेवायला बसलास. निळा दिवा तुझ्या डोळ्यांत जात होता, हात धुईपर्यंत. तूच सांगितलंस मला. पोरीला विचारलंस का, अजून चालू कसा?”

विजयसिंहांनी हात खाली घेतले.

“बंद व्हायला पाहिजे ती वस्तू तुझ्या नाकासमोर चालू, आणि तू आमटी ओरपतोयस. कारण जे व्हायला पाहिजे होतं ते चालूच होतं. आणि उलटं केलं तर काय होतं, हे रविवारी ह्या पोराला तूच विचारलंस. मोना तेव्हा भाकऱ्या थापत होती.”

विजयसिंहांनी मनगटातलं कडं फिरवलं.

“शब्दाला पुरावा असतो काय?” शेवटी विजयसिंह म्हणाले. आवाज खाली आला होता, पण माज तेवढाच होता. “न्या चौकीत. सांगा त्यांना, हा वाढव म्हणाला. हसतील. नक्षी काय परत येती का त्यानं?”

“नसतो पुरावा,” ताजबी म्हणाली. “आणि मी पोलीस न्हाई. आक्का, आता तुमी त्या पिनाचं सांगा.”

अंबूबाईंची माळ थांबली.

“मी मुद्दाम न्हाई केलं,” त्या म्हणाल्या, आणि त्या घरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. “फोन मी बी ऐकला. इजय म्हणाला डबा वाढव. मला वाटलं, चला, पोराला अक्कल आली, नीट बोलाय लागला. ही पोरगी तिथं काय खुडबुड केली आणि गेली. डबा आपला चालूच. निजायला जाताना बघितलं तर निळा दिवा. म्हटलं, कुणाला म्हणून सांगायचं, आपणच वाढवू. ओढला पिन. सकाळी हिचा रडायचा आवाज आला. मला वाटलं, मी ओढला म्हणून तिची नक्षी सांडली.”

“आज्जी,” राजवीर उठून उभा राहिला. “कधी ओढला? जेवणं झाल्या झाल्या?”

“माझी भांडी घासून झाल्यावर. मला काय धरणार हायेस का रं?”

राजवीरनं त्यांच्या पायाला हात लावला. अंबूबाईंनी पाय ओढून घेतला, कारण मुरगूडच्या माणसांवर त्यांचा भरवसा नव्हता.

“आत्या, किल्ली दे. काका, तुमची बी द्या. वाढवा दाबल्यावर आधी फकस्त झाकणावरचं नाव पुसतं. कॅन धुवायचं काम नंतर रात्रभर चालतं. हे सुरू झालं आणि आज्जीनं पिन काढला. सकाळी आत्यानं चालू केला तेवढाच काय तो थोडा धुतला गेला. बाकीचं दूध आत हाय. नाव न्हाई त्याला, पण हाय.”

स्नेहलनं किल्ली पुढं केली. विजयसिंह हलले नाहीत. मोना पुढं आली आणि तिनं वडिलांच्या शर्टाच्या खिशातून त्यांच्या देखत किल्ली काढून घेतली. त्यांनी हात धरायला बोटं उचलली आणि खाली ठेवली.

अंबूबाई सुनेकडं बघत होत्या, थेट, बऱ्याच दिवसांनी.

“तुझ्यासाठी न्हाई हं ओढला,” त्या म्हणाल्या. “बिलासाठी.”

“व्हय, आई,” स्नेहल म्हणाली.

७

शाहूपुरीतल्या एका माणसानं ती लाल डिस्क उघडून त्यातली नक्षी बाहेर काढली. बहुतेक सगळी आली. नावं मात्र गेली होती, मोर कुठला आणि वेल कुठली ते एकेक उघडून बघावं लागलं. ते काम मोनानं अंगावर घेतलं. शिक्षा म्हणून कुणी दिलं नव्हतं, पण ती शिक्षा असल्यासारखंच करत होती. स्नेहलनं दोन दिवस बघितलं, मग तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “सरक तिकडं. तो मोर नव्हे, ते बदक आहे. मी नवीन होते तेव्हाचं.”

जी थोडी गेली ती गेलीच. स्नेहल म्हणते, ती तशीही वाईट होती. हे खरं नाही.

शुक्रवारची वाटणी पुढच्या शुक्रवारी झाली. राजवीरनं डब्याला दोन बॅकअप केल्या. पडद्यावरचं ‘पूल वाढवा’ काढून तिथं ‘डिस्क जोडा’ लिहिलं. एक बॅकअप दुसऱ्या घरात पाहिजे, तो म्हणाला, आणि ती ताजबीच्या कपाटात गेली. ताजबीनं तिचं भाडं मागितलं : स्नेहलची स्कूटर तिच्या दारातून हलली पाहिजे. स्नेहल हुपरीला गेल्यावर ती आपोआपच हलली. बुलेट अजून तिथंच असते.

मोना आठवड्यातून तीनदा हुपरीच्या गाडीत बसते. ती कुठं जाते, हे विजयसिंहांनी विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल, ही त्यांना भीती.

त्या वाटणीच्या संध्याकाळी विजयसिंह कधी नव्हे ते गादीवरून लवकर उठून घरी आले. घर मोकळं वाटत होतं. देवघराशेजारच्या खोलीत डब्याच्या जागेवर धुळीचा चौकोन तेवढा राहिला होता. आईशी काहीतरी चांगलं बोलावं असं त्यांना वाटलं असावं.

“आई,” चपला घालता घालता ते म्हणाले, “गुंडू एकटाच हाय. जरा जाऊन दुकान वाढवून येतो.”

अंबूबाईंनी दिव्याची वात सारखी केली. मागं वळून बघितलं नाही.

“तू बंदच म्हण,” त्या म्हणाल्या.